मोजा

निघाले तेव्हा केतिल मेंढ्यांना गवत टाकत होता,
ल्योतुन तापाने फणफणलेली,
आणि बाबा खिडकीशी.
त्यांनी एवढंच विचारलं, "पिवळी टेप घेतलीस ना?
लाल ताणते. खोटं बोलते."

पिवळीच घेतली. थर्मास. वही, जी डिसेंबरात राइक्याविकला जाते.
मोजे घाईत चढवले,
डावा माझा, उजवा केतिलचा.
"आज कशाला?" तो दारातून म्हणाला,
"बर्फच बघायचा तर अंगणात पडलाय की."

खरं होतं. रात्रीपासून पडतच होता.
कुंपणाच्या खांबांना टोप्या,
ट्रॅक्टर रजईखाली झोपलेला.
पण हा बर्फ आजचा, परवा दुपारी चिखल होणारा.
मला भेटायचं होतं त्या बर्फाला
जो पडला तेव्हा आमच्या शेताला नाव नव्हतं.

पुलापाशी गाडी ठेवली.
लहानपणी ती पुलावरूनच दिसायची,
दोन डोंगरांमधून बाहेर काढलेली जीभ,
खडबडीत, निळसर, डॉक्टरला दाखवावी तशी.
आज पांढऱ्यापुढे पांढरं, मध्ये भिरभिरणारं पांढरं.
वाट ओळखायची ती बाबांच्या दगडांवरून:
एकावर एक तीन, वरच्यावर लाल फराटा
आणि साल.

सालं ओलांडत गेले.
माझ्या जन्माच्या सालापाशी धाप लागली, थांबले.
लग्नापासून ल्योतुनपर्यंत एवढं अंतर
की केतिलचा मोजा पार भिजला.
या सगळ्यावर तेव्हा ती होती,
माझ्या डोक्याच्याही वर, चर्चच्या मनोऱ्याहून उंच.
मी तिच्या पोटातून चालले होते
आणि मला नुसती थंडी वाजत होती.

शेवटच्या दगडाला टेपची कडी अडकवली.
दहा मीटर. वीस.
सव्विसाव्याला टेप पाण्यात.

गेल्या वर्षी इथे डबकं होतं.
मी उडी मारून पलीकडे गेले होते
आणि बाबा, गुडघा धरून, मागून ओरडले होते,
"जपून गं, स्टाइनवोर!"
आता पैलतीर दिसेना.
त्या पांढऱ्याआड कुठेतरी ती असणार.
मध्येच काहीतरी पाण्यात पडलं, जड, सावकाश,
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी तसं.
मी हाक मारली.
काय म्हणून मारली ते सांगणार नाही.
एकटं माणूस काहीही बोलतं.

परत फिरले तर माझी पावलं बुजलेली.
तेवढ्यात. जेमतेम तासाभरात.

घरात बटाटे करपल्याचा वास.
ल्योतुनचा ताप उतरलेला; यंदा आकडा ती लिहिणार होती,
पेन्सिलीला टोक काढून पांघरुणात बसलेली.
बाबांनी मान वळवली नाही.
"किती?"
"टेप पुरली नाही."
"लाल नेलीस?"
"पिवळीच, बाबा."

त्यांनी कॉफीत साखर घातली. ढवळली.
पुन्हा घातली.
"तळं," ते म्हणाले.
"हो."
"मग पुढच्या वर्षी होडी लागेल," असं म्हणून
ते बाहेर बघत राहिले, जिथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

ल्योतुनने विचारलं, "रकान्यात शब्द लिहिला तर चालतो?"
"कुठला?"
"पाणी."
कुणीच काही बोललं नाही. तिने लिहिला असावा.

केतिल माझ्या पायांकडे बघत होता.
"तो मोजा माझा आहे."
काढून दिला.
त्याने पिळला, रेडिएटरवर टांगला,
खाली एक बशी ठेवली.
टप्.
टप्.
ल्योतुन मोजायला लागली.