सहा सेकंद

राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला.
पंखा बंद करतो, माईकमध्ये येतो म्हणून.
खिडकीही लावतो. तरी खालच्या चक्कीची घरघर
भिंतीतून टेबलावर चढतेच.

कॅसेट एकेचाळीस, बाजू ब. कव्हरवर शाईनं:
वग, जत्रा, १९८१. गावाचं नाव बुरशीनं खाल्लंय.
मी फॉर्म भरतो. कलाप्रकार. कलावंत. कालावधी.
ध्वनीचा दर्जा: वाईट.

गुंडाबापू पट्टणकोडोलीकर, सोंगाड्या, वय ब्याऐंशी,
समोर खुर्चीत मांडी घालून. हेडफोन नको म्हणाले,
"कानात बोळं कोंबून कोण तमाशा ऐकतं व्हय?"
मग स्पीकरवर लावलं.

त्यांचाच आवाज निघाला, तरणा, खणखणीत.
त्याकडं त्यांचं लक्षच नाही.
मान तिरकी करून ते मागचा कचरा ऐकत होते,
जो मी रात्री एका बटणानं पुसणार होतो.

"ह्यो खोकला म्हादबाचा. साखर कारखान्यात काट्यावर हुता.
शिट्टी सायकलवाल्या इलाहीची, दोन बोटं घालून.
पोरगं रडतंय त्ये...
ऱ्हाऊ दे, त्ये आता लई मोठा सायेब हाय."

फॉर्ममध्ये रकाना शोधला. नव्हता.
समासात लिहिलं: खोकला, म्हादबा.
शिट्टी, इलाही.

एकोणिसाव्या मिनिटाला टेप गप्प.
मला वाटलं तुटली. सुई आडवी पडलेली.
एक, दोन, तीन,
चार, पाच,
सहा
आणि सगळं मैदान फुटलं.
सुई लाल खुणेपार, आवाज फाटलेला,
कुणीतरी "आरं आरं आरं" करत
शेजाऱ्याची पाठ बडवतंय.

"इथं काय केलं होतं, बापू?"
"काय न्हाई. राजाचा हुकूम ऐकला फकस्त."
"म्हणजे?"

त्यांनी मांडी मोडली. पाय फरशीवर टेकले.
माझ्याकडं बघितलं.
मग माझ्या खांद्यावरून मागं, जिथं राजा असायचा.
परत माझ्याकडं.
डावी भुवई, कुणाला न विचारता, वर गेली
आणि तिथंच बसली,
खाली यायचं नाव घेईना.

चहा माझ्या नाकातून आला.

रात्री कळलं, दुसरं मशीन चालूच राहिलं होतं.
चक्की घरघरतेय. म्हातारा म्हणतो, ऐकला फकस्त.
मी म्हणतो, म्हणजे?
पुढं सहा सेकंद नुसती चक्की,
मग एकच माणूस हसतो,
ठसका लागेपर्यंत, फार वाईट दर्जाचं.

बटणावरचं बोट काढलं.
समासात जागा थोडीच उरली होती. बारीक अक्षरात लिहिलं:
हसणं, विश्राम टिपुगडे.