हातचा

प्रकरण तीन. निजायच्या खोलीच्या खिडकीत
पोरं एकमेकांच्या पाठीवर चढून धूमकेतू बघतात.
डन्स्टन तेरा वर्षांचा.
म्हणजे मे, एकोणीसशे दहा.
धूमकेतूला थाप मारता येत नाही.

प्रकरण नऊ. नव्या राजाच्या राज्याभिषेकाची शेकोटी,
ओला लाकूडफाटा, लॅटिनच्या सरांच्या भुवया जळतात.
डन्स्टन तेरा.

प्रकरण चौदा. नाश्त्याच्या वेळी हेडमास्तर
बुडालेल्या जहाजाची बातमी वाचतात
आणि शंभर बशांतल्या लापशीवर साय धरते.
डन्स्टन अजून तेराच.

बाकीच्यांचं नीट जमतं.
पिल्किंग्टनचा आवाज फुटतो, लव्हेलला मिसरूड,
धाकट्या ऑर्डची विजार दोनदा उसवून लांब केली आहे.

मी समासात पेन्सिलीनं मांडलं: तेरा, चौदा, पंधरा.
वयं, तारखा आणि घोड्यांचे रंग
हे आमच्या प्रकाशनगृहात माझं खातं.
मिस हॉस्किन्सना लिहिलं,
बाई, आपण हातचे घ्यायला विसरलात.

आठवड्यानं डेव्हनहून पोस्टकार्ड आलं.
एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला आखडते अक्षर:
‘त्या शाळेत मी अकरा वर्षं मेट्रन होते.
कॉलरींवर नावाच्या पट्ट्या मीच शिवायची.
तुमची बेरीज बरोबर आहे.
छापू मात्र नका.’

मी पंधराच्या पुढे मोजलंच नव्हतं.
त्या संध्याकाळी ट्राममध्ये मोजलं.
सोळा.
सतरा. त्यापुढचा जानेवारी पंधरा सालातला.
माझा थांबा मागे गेला होता,
धुक्यातून दोन थांबे उलट चालत आले.

पुस्तक तसंच निघालं.
लीड्सचे एक दंतवैद्य दर नाताळात चूक कळवतात,
पान क्रमांकासकट, दर वर्षी थोडे अधिक रागावून.
मी आभार मानते. पुढच्या आवृत्तीत पाहू, म्हणते.
चार आवृत्त्या झाल्या.

आणि आज हे ग्रिम्सबीहून, वहीच्या फाडलेल्या पानावर,
रेमंड टॅसेल नावाच्या मुलाचं:
‘मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डन्स्टन माझ्यापेक्षा मोठा होता.
परवा मला तेरावं संपून चौदावं लागेल.
म्हणजे तो माझा धाकटा होणार का?
हे मला फारसं आवडलेलं नाही.
बाईंना विचारून कळवावे.’

बाईंना विचारायचं कसं, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.
कागद पुढे ओढला, प्रिय रेमंड, असं लिहिलं
आणि अडले.

पत्रावर तारीख आहे, तीन मार्च, छत्तीस.
हाताला खोड असते, तो थांबत नाही.
तेरात पाच मिळवले, अठरा.
छत्तीसात पाच.
सहा नि पाच अकरा,
अकराचा एक,
हातचा एक.