एका पानाचे चाळीस रुपये

ठाणे कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल. नावात बदल, भाडेकरार,
हरवलेल्या गुणपत्रिकेचं प्रतिज्ञापत्र.
माणसं उभ्याउभ्या आयुष्य सांगतात,
मी समास सोडून टाइप करते.

मेजर म्हामुणकर मात्र बसले.
उथळसरहून चालत आलेले, बूट चकचकीत,
खिशात रुमालाची घडी, घडीत चष्मा.
लिहा, म्हणाले : माननीय वाणिज्यदूत महोदय यांस.
त्या देशाचं नाव मी दोनदा चुकवलं.
रागावले नाहीत. म्हणाले, तिथल्यांनाही
सध्या ते नीट लिहिता येत नाहीये.

लिहा : मी सुरुंग काढतो.
एकतीस वर्षं काढले. पेरलेही, हुकमावरून,
पण ते खाली घ्या, लहान अक्षरात.
वाळूतला, चिखलातला, बर्फाखालचा,
हाताला कळतो मला. पगार नको.
जेवण, तंबू आणि ज्याला ऐकू येतं असा एक मदतनीस.
डावा कान गेलाय, हे लिहू नका.

वय? मी विचारलं.
त्यांनी माझा काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास
उचलून धरला माझ्या डोळ्यांसमोर,
रिक्षा, हॉर्न, वकिलांची घाई, सगळं जाऊ दिलं मधून.
थेंब सांडला नाही.
हे लिहा वयाच्या जागी.

पत्ता माझ्या टेबलाचा दिला.
घरी सुनेला कळलं तर
बुटांना कुलूप लावेल, म्हणाले, आणि हसले.

उत्तर आलं सव्वा महिन्याने.
जाड कागद, वर सोनेरी पक्षी.
मीच वाचून दाखवलं, उजव्या कानाशी :
आपल्या अनुभवाबद्दल आदर वाटतो.
खालच्या, लहान अक्षरातल्या ओळीसंबंधी
अधिक बोलायला आवडेल.
किती दिवसांत किती एकर.
मानधन ठरवता येईल.

तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.
रुमालाची घडी मोडली, घातली, मोडली.
काढणारा नकोय यांना, बाई.
यांच्याकडे पेरणी आहे.

मी कागद चढवला.
महोदय,
स्वल्पविरामानंतर समोरचा सिग्नल तीनदा सुटला.
नाही.
एवढंच?
एवढंच. खाली नाव, हुद्दा. निवृत्त लिहायला विसरू नका.

एका शब्दाचे पैसे मी घेणार नव्हते.
त्यांनी चाळीस मोजून ठेवले. पान ते पान.

कोपऱ्यावर फूटपाथचा एक पेव्हर ब्लॉक
कितीतरी महिने डुगडुगतोय.
मेजर थांबले. आधी बुटाचं टोक,
मग गुडघा, मग दोन्ही तळवे.
उचलला, खालची खडी बोटांनी सारखी केली,
कडेकडेने दाबत बसवला.
तारीख गाठायला धावणारा कुणी
मध्येच काय बसलात म्हणून खेकसला
आणि त्याच दगडावर पाय देऊन गेला.