खडा

मीठ कसं बसतं ते मला शिकवू नका.
पाणी आटत जातं,
आणि त्यात विरघळून गप्प राहिलेलं जे असतं
त्याला एका घडीला जागा पुरत नाही.
काठाला पापुद्र्याएवढी पांढरी रेघ,
मग कणाला कण धरतो,
मग पहारी घेऊन आम्ही.

हे मी मेकेलेच्या दवाखान्यात बोललो
तेव्हा लेताय डॉक्टरीण हसली.
माझ्या कुशीला काहीतरी गारढोण चोपडून
ती काळ्या पडद्यात शोधत होती.
"मग निम्मं तुला ठाऊकच आहे, हुमेद.
तुझं पाणी उन्हात कातडीवाटे जातं,
मूत्रपिंडाला उरतं घोटभर.
तेवढ्यात ते काय काय धुणार?
कॅल्शियम असतं, ऑक्झलेट असतं,
एरवी एकमेकांना न शिवता वाहून जातात.
पाणी कमी पडलं की गाठ पडते."
आणि तिनं बोट ठेवलं :
एक पांढरा ठिपका,
त्याच्यामागे लांब काळी सावली,
उतरत्या उन्हात उंटामागे पडते तशी.

सतरा वर्षं मी ठोकळे तासतोय.
माझ्या हातचा ठोकळा उंटाच्या पाठीवर डुगडुगत नाही.
आणि माझ्याच आत कुणी नवशिका,
उजेड नाही, माप नाही, मुकादम नाही,
एका खरबरीत कोपऱ्याला कण चिकटवत बसलेला,
मी झोपलो तरी, रोजा धरला तरी,
भावाच्या लग्नात नाचलो तरी.
वाढताना कळ नव्हती.
जागचा हलला, वाटेला लागला,
तेव्हा कळलं.

त्या रात्री मी मिठावर गुरासारखा लोळलो.
कादाफो म्हणाला, विंचू.
म्हाताऱ्या दाइमोनं तापला धोंडा फडक्यात गुंडाळून
कुशीला लावला. दगडाला दगड.

"रोज तीन लिटर पी," लेताय म्हणाली,
"उन्हात असशील तर जास्त."
माझ्या डोळ्यांपुढे आमचा पिवळा डबा आला :
वीस लिटर, सहा माणसं, ट्रक परवा.
तिलाही तो दिसला असावा.
"बरं," म्हणाली, "जमेल तेवढं."

नवव्या दिवशी पडला.
ज्वारीच्या दाण्याएवढा. तपकिरी, काटेरी,
एक बाजू धड नाही.
माझ्या हाताखाली असता तर हाकलला असता त्या कारागिराला.
दोन घोट पाणी खर्चून धुतला.
ज्याचं मीठ खाल्लं त्याची चव असेल म्हणून
जिभेवर ठेवला.
अळणी.

थुंक ते, कादाफो ओरडतोय,
ट्रक आलाय.