गुण दोन

सहामाहीचा पेपर, सातवी, तळाशील.
प्रश्न तिसरा: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
कोंड्याचा मांडा करणे. गुण दोन.

एकोणीस पोरांची सखू एकच, गाईडातली.
एकोणीस वेळा ती कोंड्याचा मांडा करते
नि एकोणीस वेळा तिची मुलं शिकून मोठी होतात.
मी बरोबरच्या खुणा ओढत जाते, न वाचता.

खरं तर इथे मांडा कुणी पाहिलेला नाही.
वर्गात एकानं विचारलं होतं,
"मॅडम, मांडा म्हणजे मांडून ठेवलेला काय?"
मी मूळची यावलची. हातवारे करून दाखवलं:
कणीक अशी मनगटापासून कोपरापर्यंत झुलवायची,
पलीकडचं दिसेल इतकी पातळ,
मग पालथ्या खापरावर टाकायची.
आईच्या हातांवर डाग होते, ते नाही सांगितलं.
आणि कोंडा झुलत नाही, फाटतो,
हेही नाही.
अभ्यासक्रमात नव्हतं.

विसावा पेपर दीपश्री तांडेलचा.
अर्थ: जे नाही ते आधी मोजून, मग जे आहे ते खाणे.
वाक्य एक मागितलं होतं, तिनं पान भरलं.

बंदीत होडी वाळूत पालथी होती.
त्याच आठवड्यात उधाणानं रांधपाची खोली नेली,
म्हणून चूल होडीच्या आडोशाला.
बाबा खांद्यावर पंचा टाकून वेटर झाले.
काय घेणार?
धाकटा म्हणाला, सरंगो.
"सरंगो सोपलो."
इसवण?
"ती आताच त्या टेबलाक गेली."
मग आसा काय?
"पेज. गरमागरम. आमची पेशल."
आम्ही इतके हसलो की शेजारचे बघायला आले.
आई हसली नाही. ती चूल फुंकत होती.
लाकडं ओली होती.

लाल पेन तिथेच थांबलं.
पालथी होडी, शेजारी जाळ.
नमुना उत्तरात छापलंय:
हलाखीतही समाधानाने राहणे.
समाधान कुणाचं, ते नाही छापलेलं.

दोन दिले. दोनच देता येतात.

मधल्या सुट्टीत तिला गाठलं,
पेज कशी होती गं?
"खारट," म्हणाली, आणि पळता पळता वळली,
"पण मॅडम, बाबान बिल लावल्यान नाय."

आणि आई?
मी विचारेपर्यंत ती लंगडीच्या रिंगणात,
एका पायावर,
कुणाला तरी बाद करायला निघालेली.