पाठचा

डॉक्टर, ती गोळी नको.
तिचं नाव ठाऊक आहे मला, रंग ठाऊक आहे,
खिशात खुळखुळते तेव्हा कसा आवाज येतो तोसुद्धा.
दुसरं काही असेल तर सांगा.

पोरगेलाच आहे डॉक्टर, लेक्सिंग्टनहून नवा आलेला.
त्यानं पेन खाली ठेवलं.
विचारलं, एक ते दहात किती दुखतं?
मी म्हटलं, सव्वीस वर्षं.

सव्वीस वर्षं वृद्धाश्रमात माणसं उचलली मी,
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून टबात.
मिस्टर कूम्ब्स एकटेच अडीचशे पौंड,
वर चावायचे.
कुणाला पडू दिलं नाही.
ते सगळे गेले. वजन तेवढं राहिलं इथे,
पट्ट्याच्या जरा खाली, डावीकडे.

मग खेपा.
हॅझर्डच्या दवाखान्यात विजेच्या चिकट चकत्या,
अंगावर मुंग्या चालायच्या,
मुंग्या गेल्या की कळ पुन्हा आपल्या जागेवर.
एक हाडं बसवणारा, चाळीस डॉलरला कडाकड.
चर्चमधल्या ओपलनं मिरचीचं मलम दिलं,
ते डोळ्याला लागलं. त्या दिवशी
पाठ दुखल्याचं आठवत नाही.
कोमट पाण्याच्या तलावात मात्र खरंच हलकं वाटायचं.
विम्यानं बारा दिवस दिले.
तेराव्याला दार बंद.

व्यायाम शिकवणारी मेरीबेल मग बाहेर गाडीपर्यंत आली
आणि फुकटात सांगून गेली:
जमिनीवर उताणी पड, पोटऱ्या खुर्चीवर,
गुडघे काटकोनात, श्वास मोज,
वीस मिनिटं, रोज.
एवढंच?
एवढंच.

स्वयंपाकघरात जागा कुठली,
डोकं टेबलाखाली जाईल तेव्हा पाय खुर्चीवर मावतात.
पडले. फरशी गार. कुत्रा तोंड हुंगून गेला.
नऊ, दहा मोजता मोजता वर पाहिलं,
तर टेबलाच्या पोटाला, रंग न दिलेल्या लाकडावर
पेन्सिलनं:
ड्वाइट स्टिडम, वय सात, हे घर माझं.
एस उलटा काढलेला.
शेजारी च्युइंगम, दगड झालेलं.

पन्नास वर्षं जेवतोय त्या टेबलावर,
आई गेली तिला कळलंच नाही.

माझ्या पाठचा हा.
दीड वर्षाचं अंतर.
शाळेत माझ्या मागे, खाणीत बाबांच्या मागे.
छताचा दगड बसला कमरेत तेव्हा
त्यालाही असाच एक भला डॉक्टर भेटला होता.
ड्वाइट नको म्हणाला नाही. कशाला म्हणेल,
दुखत होतं.
दुकानातून बाटली मीच आणून द्यायचे,
कामावरून येताना, वाटेतच होतं.

कळ गेली का? नाही.
सातवरून पाचावर आली, दमट हवेत सहा.
पायमोजे आता माझे मी घालते.
मेरीबेलला हे सांगितलं तर तिनं डायरीत लिहून घेतलं,
जशी काही मी डोंगर चढून आले.

रोज कॉफीच्या आधी खाली सरपटते.
एक श्वास. दोन.
कधी कधी आकडा चुकतो,
मग उलट्या एसपासून पुन्हा सुरुवात.

उठताना आधी कुशीवर वळायचं,
मग हाताचा रेटा, घाई नाही.
मी टेबलाचा पाय धरते.
तो जरा डुगडुगतो.
त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी ड्वाइटच घालायचा.