हात आखडला

टोलीडोच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
पोलिसाचा अहवाल वाचला जातो:
अटकेच्या वेळी आरोपीने हात आखडला.

पळाला नाही. ढकललं नाही. शिवीसुद्धा नाही.
सरकारी वकील म्हणते, तेवढंही पुरतं,
दंड ताठ झाला की तो विरोधच.

ल्यूशस टॉलिव्हर, वय एकसष्ट.
सव्वीस वर्षं काचेच्या कारखान्यात
तावदानं चढवली ट्रकवर,
उजवा खांदा तिथेच राहिला.
आणि हात आखडता घेतला म्हणावं,
तर अर्धी गल्ली अजून त्याचं देणं लागते.

बेड्या पाठीमागे घालतात.
हा हात मागे जातच नाही.

आता कारकूनबाई सांगतात,
शपथेसाठी उजवा हात वर करा.

तो करतो.
छातीपाशी येऊन थांबतो हात.

“आणखी वर,” त्या म्हणतात.